जुन्या प्रिंट फाइलींतली नको ती चिन्हं काढायची कशी? बेरजा उलट्या येतायत

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचं जुनं दप्तर एक्सेलमध्ये आणायचं काम सध्या माझ्याकडे आहे. १९९६ ते २००८ संस्थेचा कारभार फॉक्सप्रोतल्या डॉस प्रोग्रॅमवर चालायचा. मूळ डीबीएफ फाइली हार्डडिस्कबरोबर गेल्या. पण तो प्रोग्रॅम प्रत्येक रिपोर्ट आधी फाइलमध्ये लिहायचा आणि मग ती फाइल प्रिंटरकडे धाडायचा. त्या .पीआरएन फाइली तिथल्या कारकुनांनी नेमाने फ्लॉपीवर आणि पुढे सीडीवर जपून ठेवल्या, म्हणून हे काम तरी शक्य आहे. रोजकीर्द, खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळा), ठेवींच्या याद्या, सगळं आहे.

अडचण अशी. फाइल उघडली की मजकुरात जागोजागी चौकोन दिसतात. नेटवर सल्ला मिळाला की १० आणि १३ सोडून ३२ च्या खालचे सगळे कोड (कोड म्हणजे फाइलीतल्या प्रत्येक बाइटचा क्रमांक) पुसून टाका. तसं केल्यावर चौकोन गेले, पण पहिल्या ओळीत @ आणि सीएच, शीर्षकाच्या पुढेमागे डब्ल्यू, खातेदारांच्या नावाआधी ई आणि नंतर एफ अशी अक्षरं उरली. आणि सर्वांत वाईट म्हणजे बेरजेच्या ओळी. छापील कागदावर १,४८,२५०.०० आहे, माझ्या फाइलमध्ये -१,४८,२५०.००- असं येतंय. एक्सेल कधी त्याला मजकूर समजतं, कधी ऋण रक्कम. शेकडो फाइली आहेत, हाताने दुरुस्ती होणार नाही. कोणी असं काम केलंय का?

शेवगा
१२ नंबरचा कोडपण पुसला असेल तर मूळ फाइलीवरून पुन्हा सुरुवात करा. पान कुठे संपलं ते त्यावरूनच कळतं.

अभि_कोथरूड
सोपं आहे. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायचा नमुना, लिहा: २७ आणि त्यापुढचं कुठलंही एक अक्षर, दोन्ही उडवा. ई-एफ दोन्ही जातील. मग उरलेले ३२ खालचे उडवा. पाच मिनिटांचं काम.

डॉसमन
अभि, थांब. पाच मिनिटांत होईल, पण त्यातून निघालेले आकडे कुणी खरे धरले तर पंचाईत.

वारणाकाठ, मी त्या काळात अशा संस्थांसाठीच प्रोग्रॅम लिहीत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. २७ हा कोड म्हणजे प्रिंटरला दिलेली सूचना: पुढे येतंय ते छापू नकोस, तो हुकूम आहे. तुम्ही २७ पुसला आणि हुकूम मजकुरात मिसळला. एप्सन कंपनीच्या प्रिंटरांच्या ईएससी/पी या हुकूम-भाषेत २७ नंतर @ म्हणजे प्रिंटर मूळपदावर आण. ई म्हणजे ठळक सुरू, एफ म्हणजे ठळक बंद. जी आणि एच म्हणजे दुहेरी ठोका सुरू आणि बंद. डब्ल्यू म्हणजे दुप्पट रुंदी. सी म्हणजे पानाची लांबी, आणि ती किती ओळींची हे पुढच्या बाइटमध्ये. तुम्हाला जे सीएच दिसतंय त्यातला एच हे अक्षर नव्हेच, तो ७२ हा आकडा आहे. १२ इंची कागद, इंचाला ६ ओळी, म्हणून ७२. कागद ११ इंची असता तर ६६, म्हणजे तिथे बी दिसलं असतं.

आता बेरीज. २७, मग वजाचिन्ह, मग १ म्हणजे अधोरेखा सुरू. शेवटी ० आला की बंद. हा १ दोन तऱ्हांनी देता येतो. एक तर सीएचआर(१), म्हणजे १ हाच कोड, नाहीतर कीबोर्डवरचा साधा १, म्हणजे कोड ४९. प्रिंटर दोन्ही मानतो. तुमच्या प्रोग्रॅमरने सीएचआर(१) वापरलाय. तो ३२ च्या खालचा, म्हणून पुसला गेला आणि वजाचिन्ह तेवढं रकमेला चिकटलं. त्याने ४९ वापरला असता आणि बंद करायलाही साधा ०, तर तुमच्याकडे -११,४८,२५०.००-० आलं असतं.

आणि अभि, तुझी पद्धत त्या फाइलीवर लावली असती तर दोन्ही वजाचिन्हं उडून ११,४८,२५०.००० राहिलं असतं. स्वच्छ, धन, स्वल्पविराम अचूक जागी. दहा लाख वाढलेत हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

अभि_कोथरूड
बाप रे. मान्य. मग प्रत्येक हुकुमाला किती बाइट लागतात याचा तक्ता हवा.

डॉसमन
तक्ताच हवा. आठवणीतून देतो, तुमच्या प्रिंटरच्या मॅन्युअलशी ताडून घ्या. २७ नंतर @, ई, एफ, जी, एच, एम, पी, ०, २, ४, ५ आले तर पुढे काही लागत नाही. इथे ० म्हणजे अक्षर शून्य, इंचाला ८ ओळी. आणि २ म्हणजे इंचाला ६. हे दोन फार फसवे, कारण नुसता २७ पुसला तर ओळीच्या सुरुवातीला सुटा ० किंवा २ राहतो आणि खाते क्रमांकाला जोडला जातो. वजाचिन्ह, डब्ल्यू, स्मॉल एक्स, ३, कॅपिटल ए, जे, एन, आर, उद्गारचिन्ह यांना पुढे एक बाइट. सीलाही एक, पण तो बाइट शून्य असेल तर आणखी एक, कारण मग लांबी इंचात दिलेली असते. डी आणि बी म्हणजे टॅबच्या जागा, त्यांची यादी शून्य बाइट येईपर्यंत चालते. के, एल, वाय, झेड आणि तारांकन म्हणजे चित्र: आधी लांबी, मग तेवढा कच्चा डेटा.

एकटे येणारे कोड वेगळे. १५ म्हणजे बारीक अक्षर, १८ म्हणजे ते बंद, १४ म्हणजे त्या ओळीपुरती दुप्पट रुंदी, २० ने ती बंद. १५ आणि १८ तुमच्या प्रत्येक फाइलीत असणार, कारण १३२ कॉलमची खतावणी ८० कॉलमच्या प्रिंटरवर बसवायची ती तशीच.

शेवगा यांनी १२ बद्दल सांगितलं ते बरोबर, पण त्यातही एक मेख आहे. २७, ए, १२ असा हुकूम असतो: ९ पिनांच्या प्रिंटरवर ओळींतलं अंतर १२/७२ इंच, म्हणजे इंचाला ६ ओळी. त्यातला १२ हा पान बदलण्याचा कोड नाही, तो आकडा आहे. नुसते १२ मोजलेत तर पानं वाढतील. म्हणून शोधा-आणि-बदला हा रस्ताच नको. फाइल पहिल्या बाइटपासून वाचत जायची, प्रिंटर वाचतो तशी, आणि प्रत्येक बाइट मजकूर आहे की हुकुमाचा भाग हे त्या जागी ठरवायचं. पायथॉनमध्ये दोनेकशे ओळींत बसतं. फाइल मात्र बायनरी म्हणून उघडा, टेक्स्ट म्हणून नाही.

सुमती_देव
डॉसमनकाका, सुंदर लिहिलंत. आमच्या सोसायटीत विप्रोचा एलक्यू-१०५० प्लस डीएक्स होता. तेरीज निघायला लागली की मागच्या खोलीतून आवाज यायचा आणि मॅनेजर साहेब फोनवर ओरडून बोलायचे. व्याज आकारणीची तारीख असली की रात्री उशिरापर्यंत तो चालू. कार्बन लावलेला जोड कागद असायचा, वरची प्रत बँकेला, खालची आम्हाला. बोटं निळी.

मेनफ्रेम_मावशी
मी न्यू जर्सीत विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवर काम करते. दुखणं अगदी सारखं आहे, फक्त कोड निराळे, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर छापण्यासाठी नसतंच. ते प्रिंटरला सांगतं कागद किती सरकवायचा. रिकामी जागा असेल तर एक ओळ, ० असेल तर दोन, वजाचिन्ह असेल तर तीन, १ असेल तर नवं पान, आणि अधिकचिन्ह असेल तर कागद न सरकवता मागच्याच ओळीवर पुन्हा छाप. फोरट्रानच्या काळापासून चालत आलेली ही एएसए पद्धत. फाइल पीसीवर उतरवून कॉलम पाडले की हे पहिलं अक्षर पहिल्या कॉलमला चिकटतं. पहिल्या कॉलममध्ये रक्कम असेल तर तीन ओळी सरकवून छापलेली प्रत्येक बेरीज ऋण! वारणाकाठ यांचं वजाचिन्ह बघून मला तेच आठवलं.

इथे निदान गोष्ट सोपी आहे. फाइलीचा रेकॉर्ड फॉरमॅट बघायचा. एफबीए असेल तर ही अक्षरं, एफबीएम असेल तर त्यांच्याऐवजी मशीन कोड असतात आणि ते छापता येण्याजोगे नसतात. हे न बघता कुणी पहिलं अक्षर सरसकट कापलं तर ज्या फाइलीत नियंत्रण अक्षर नाहीच, तिच्या खाते क्रमांकाचा पहिला अंक जातो.

पुणेरी_४००
मावशींच्या मागोमाग आमचं एएस/४०० पण येऊ द्या, आता त्याला आयबीएम आय म्हणतात. आमच्याकडे स्पूल फाइल, म्हणजे छपाईसाठी तयार झालेला रिपोर्ट, रांगेत पडलेली असते आणि सीपीवायएसपीएलएफ कमांडने ती डेटाबेस फाइलीत उतरवतात. त्यात कंट्रोल कॅरेक्टरसाठी एक पॅरामीटर आहे. स्टार नन दिलं तर नुसता मजकूर. स्टार एफसीएफसी दिलं तर मावशींनी सांगितलेलं पहिलं अक्षर प्रत्येक ओळीपुढे. स्टार पीआरटीसीटीएल दिलं तर चार अक्षरं: पहिली तीन म्हणजे पानावरच्या कितव्या ओळीवर जायचं, चौथं म्हणजे किती ओळी सोडायच्या.

लोक काय करतात, तर १३२ लांबीची फाइल बनवतात आणि एफसीएफसी देतात. मग एक अक्षर वाढतं आणि शेवटचा कॉलम कापला जातो. १३३ हवी, आणि पीआरटीसीटीएलला १३६. ज्यांना नियंत्रण अक्षरं नकोच आहेत त्यांनी मुळात स्टार नन द्यावं, म्हणजे नंतर साफसफाई करायची वेळच येत नाही. पण मी स्वतः एफसीएफसीच घेतो, कारण नवं पान कुठे आणि एकावर एक छपाई कुठे हे त्याशिवाय समजत नाही. वाचून झालं की ते अक्षर काढायचं.

दुसरी गोष्ट, ती फाइल पीसीवर आणताना एबसिडिक या आयबीएमच्या सांकेतिकीतून युनिकोडमध्ये जायला सीसीएसआयडी (सांकेतिकीचा क्रमांक) १२०८ द्या. नाहीतर कंट्रोल कॅरेक्टर गेली तरी अक्षरं बिघडलेली येतील आणि दोष भलत्याच गोष्टीला लागेल.

अभि_कोथरूड
मला एक वाटतं. एवढा तक्ता लिहिण्यापेक्षा डॉसबॉक्स-एक्समध्ये एप्सनसारखा आभासी प्रिंटर आहे. फाइल त्याच्याकडे पाठवायची, हुबेहूब पान मिळेल. मग ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची.

डॉसमन
पान मिळेल, आणि तपासणीसाठी ते पान फार कामाचं आहे. माझा डीकोडर बरोबर चाललाय की नाही हे बघायला मी असंच वापरतो. पण आकडे तिथून घ्यायला माझा विरोध आहे. फाइलीत ८ हा ८ म्हणूनच लिहिलेला आहे. त्याचं चित्र करून पुन्हा ओसीआरने ओळखायला लावायचं, म्हणजे ३ आणि ८ मध्ये, १ आणि ७ मध्ये नव्याने शंका आणायची. हातात खात्रीचा बाइट असताना अंदाज कशाला?

अभि_कोथरूड
पटलं. चित्र बघायला, आकडे फाइलीतूनच.

लेखनिक_सातारा
काही फाइली लेसर प्रिंटरसाठीच्या असतील तर? आमच्याकडे २००३ नंतर एचपीचा प्रिंटर आला होता.

डॉसमन
तर सगळा तक्ताच वेगळा. ती पीसीएल भाषा. तिथे २७ ई म्हणजे ठळक नाही, प्रिंटर मूळपदावर आण. तेच दोन बाइट, अर्थ निराळा. बाकीचे हुकूम लांबलचक असतात: २७, मग अँपरसँड, कंस किंवा तारांकन, मग एक छोटं अक्षर, मग आकडा, आणि शेवटी मोठं अक्षर. मोठं अक्षर आलं की हुकूम संपला, छोटं आलं की पुढे चालू. फक्त शेवटचं अक्षर डब्ल्यू असेल तर त्याआधीच्या आकड्याएवढे बाइट कच्चा डेटा असतो, तो वगळायचा.

म्हणून फाइल कुठल्या प्रिंटरची हे आधी ठरवा. सुरुवातीला २७ @ असेल तर बहुधा एप्सन. २७, टक्केचिन्ह आणि मग -१२३४५एक्स असेल, पाठोपाठ @पीजेएल दिसत असेल, तर एचपी. आयबीएम प्रोप्रिंटरसाठी लिहिलेल्याही फाइली सापडतात. त्या बऱ्याचशा एप्सनसारख्या, पण २७ ४ एप्सनला तिरपं अक्षर वाटतं आणि प्रोप्रिंटरला पानाची सुरुवात.

आणि कुणी विंडोजच्या स्पूल फोल्डरमधली .एसपीएल फाइल आणली असेल तर आधी ती आत कुठल्या स्वरूपात आहे ते बघा. ईएमएफ असेल तर तिच्यात मजकूर ओळीने नसतोच, चित्र काढण्याच्या आज्ञा असतात. आपला तक्ता तिथे चालणार नाही.

वारणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. डॉसमनकाका, तुमच्या तक्त्यावरून पायथॉनमध्ये लिहिलं. वजाचिन्हं गेली, सीएच, ई, एफ सगळं गेलं. माझ्या फाइली २७ @ ने सुरू होतात, म्हणजे एप्सन नक्की.

आता दोन नव्या गोष्टी. काही फाइलींत एकूण जमा आणि एकूण नावे या ओळी दोनदा येतात, एकाखाली एक, तंतोतंत सारख्या. आणि सभासद यादीच्या फाइलींत मराठी नावं आहेत असं वाटतं, कारण १६० च्या वरचे कोड भरपूर आहेत. तिथे सगळं अगम्य दिसतंय.

डॉसमन
दुप्पट ओळीचं उत्तर १३ मध्ये आहे. १३ म्हणजे छापणारं डोकं ओळीच्या सुरुवातीला ने. १० म्हणजे कागद एक ओळ सरकव. ओळ संपते ती दोन्ही मिळून. आमच्यातले काहीजण ठळक करण्यासाठी ओळ छापून नुसता १३ पाठवत आणि तीच ओळ पुन्हा त्याच जागी छापत. रिबन जुनी असली तरी बेरीज उठून दिसायची. तुमचा एडिटर किंवा प्रोग्रॅम एकट्या १३ ला नवी ओळ समजतोय. मावशींचं अधिकचिन्ह आणि हा एकटा १३, काम एकच.

करायचं असं की एकटा १३ आला की त्याच ओळीच्या पहिल्या कॉलमवर परत जायचं आणि अक्षर अक्षरावर ठेवायचं. तेच अक्षर असेल तर काही बदलत नाही. जिथे आधी रिकामी जागा होती तिथे नवं अक्षर बसवा, कारण काही वेळा दुसऱ्या फेरीत उरलेला मजकूर छापलेला असतो. आधी अक्षर आणि वर अंडरस्कोअर असेल तर अक्षर ठेवा. ८ नंबरचा कोड, म्हणजे एक घर मागे, यालाही हाच नियम.

जमाखर्च_कोल्हापूर
मी लेखापरीक्षणाचं काम करते. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

ही दुप्पट ओळ फार गांभीर्याने घ्या. वजाचिन्ह निदान डोळ्यांना खटकतं. दुप्पट आलेली जमा आणि दुप्पट आलेली नावे एकमेकांशी जुळतात, तेरीज तंतोतंत लागते, आणि रक्कम मात्र खऱ्याच्या दुप्पट असते. ताळा जुळला म्हणून कुणी पुढे तपासत नाही.

तसंच पानाच्या तळाला 'पुढे नेले' आणि पुढच्या पानाच्या डोक्याला 'मागून आणले' अशा ओळी असतात. त्या व्यवहार नाहीत. एक्सेलमध्ये कॉलमची बेरीज मारली की त्या मिळवल्या जातात. त्या सरळ पुसू नका. वेगळ्या खूण-कॉलममध्ये ठेवा, कारण तपासणीला त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. प्रत्येक पानाचे व्यवहार मोजा, मागून आणलेल्या रकमेत मिळवा, आणि पुढे नेलेल्या रकमेशी ताडा. ज्या पानावर फरक येईल, नेमकं तेच पान उघडून बघायचं. शेकडो फाइलींत बिघाड कुठे आहे हे शोधायला दुसरा उपाय मला दिसत नाही. रोजकीर्दीत आजची अखेर शिल्लक आणि उद्याची आरंभीची शिल्लक, हीसुद्धा अशीच कडी.

आणि कृपा करून मूळ .पीआरएन फाइलींना हात लावू नका. त्या वाचण्यापुरत्या करून वेगळ्या ठेवा, प्रत्येकीची हॅश (फाइलीतला एक बाइट बदलला तरी बदलणारा ओळख-आकडा) काढून नोंदवा. साफ केलेली फाइल वेगळ्या नावाने. उद्या एखाद्या ठेवीदाराने विचारलं की हा आकडा कुठून आला, तर बोट ठेवायला मूळ बाइट हवेत. त्या फाइलींत माणसांच्या ठेवी आहेत.

शेवगा
ताई, हा प्रतिसाद वेगळा जतन करून ठेवतो. हॅशचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

अक्षरवेल
मराठी नावांबद्दल मी सांगू शकते. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानावर त्या काळी बरंच मराठी काम व्हायचं आणि त्यातला मजकूर इस्की सांकेतिकीत असायचा. भारतीय मानक आयएस १३१९४, साल १९९१. त्यात आस्कीचे, म्हणजे इंग्रजी अक्षरांचे, १२८ कोड जसेच्या तसे आणि भारतीय अक्षरं १६१ पासून वर. क १७९ वर, हलन्त २३२ वर, अंक २४१ पासून. तुमचे कोड १६० च्या वर आहेत म्हणजे बहुधा हेच.

इथेही एक हुकूम लपलेला आहे. २३९ हा कोड एकटा नसतो. त्याच्या पुढचा बाइट लिपी सांगतो किंवा ठळक, अधोरेखा असं काही सांगतो. ६६ म्हणजे देवनागरी, ६५ म्हणजे रोमन, ४८ म्हणजे ठळक, ५० म्हणजे अधोरेखा. म्हणजे २३९ नुसता पुसलात तर नावाच्या पुढे बी किंवा सुटा ० लटकतो. डॉसमनकाकांचाच नियम, फक्त २७ च्या जागी २३९.

युनिकोडमध्ये न्यायला आयसीयूचं यूकॉन्व्ह हे रूपांतराचं साधन वापरा, त्यात इस्की आहे. विंडोजमध्ये कोडपेज ५७००२. पायथॉनमध्ये मुळात इस्की येत नाही, तिथे तक्ता स्वतः करावा लागेल. तसं केलंत तर दोन हलन्त लागोपाठ आणि हलन्तानंतर नुक्ता या जोड्या तेवढ्या सांभाळा. पहिल्याने हलन्त पाय मोडूनच दिसतो, दुसऱ्याने अर्धं अक्षर राहतं.

आधी प्रिंटरचे हुकूम काढा, मग इस्की फिरवा. उलट क्रमाने केलं तर हुकुमांचे आकडेच अक्षरं होऊन बसतील.

वारणाकाठ
अक्षरवेल, नावं आली! कुलकर्णी, थोरात, मुल्ला, सगळे ओळखू यायला लागले. पण इंग्रजी रिपोर्टवर तेच चालवलं तर पानभर ददददददद आणि प्रत्येक ओळीत मध्ये मध्ये क. हे काय?

अक्षरवेल
त्या चौकटी आहेत. डॉसच्या कोडपेज ४३७ मध्ये १७९ म्हणजे उभी रेघ, १९६ म्हणजे आडवी रेघ, २०५ म्हणजे दुहेरी आडवी, १८६ म्हणजे दुहेरी उभी. इस्कीत तेच कोड अनुक्रमे क, द, य आणि ज. तुमच्या रिपोर्टच्या तक्त्याची रेघन् रेघ मराठी झाली.

सुमती_देव
पहिलीच्या मुलाची कित्ता गिरवलेली वहीच जणू. हसून हसून पुरेवाट. वारणाकाठ, ते पान पुसू नका, इथे चिकटवा.

पुणेरी_४००
मग एकाच फाइलीत चौकट आणि मराठी नाव दोन्ही असेल तर?

अक्षरवेल
तर संदर्भ बघायचा. एकच कोड सलग दहापंधरा वेळा आला तर ती रेघ, मराठीत द इतक्यांदा सलग येत नाही. उभी रेघ ठरावीक कॉलमलाच प्रत्येक ओळीत येते, त्यावरून तीही ओळखता येते. आणि एक शक्यता लक्षात ठेवा: काही प्रोग्रॅम मराठी नाव अक्षरांच्या कोडने न पाठवता ठिपक्यांचं चित्र करून प्रिंटरला द्यायचे. २७ आणि तारांकन यांच्यामागे मोठा डेटा दिसला तर तिथे अक्षरं नाहीतच, फक्त पिनांचे ठोके आहेत. तेवढ्यासाठी मात्र अभिची चित्र आणि ओसीआरची वाट धरावी लागेल.

अभि_कोथरूड
चला, माझाही उपयोग निघाला! २४ पिनांच्या प्रिंटरला एका कॉलमसाठी तीन बाइट लागतात आणि ८ पिनांच्या चित्राला एक, असं मॅन्युअलमध्ये दिसतंय. लांबी कॉलममध्ये दिलेली असते, बाइटमध्ये नाही. वगळताना त्याला तीनने गुणायला हवं, नाहीतर चित्राचा उरलेला भाग मजकुरात सांडेल.

डॉसमन
शाबास. हे माझ्या तक्त्यात राहिलं होतं, लिहून घेतो. तारांकनानंतरचा पहिला बाइट ३२ किंवा वर असेल तर तीनने गुणायचं.

वारणाकाठ
आज जमाखर्चताईंनी सांगितलेली पानागणिक तपासणी बसवली. १९९८ ची मार्च अखेरची खतावणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जुळली. पुढे नेले, मागून आणले, सगळ्या कड्या लागल्या. संस्थेच्या जुन्या अकाउंटंटना दाखवलं, त्यांनी छापील खतावणी आणून पान पान ताडून बघितलं.

एकच गाठ अजून सुटत नाही. ठेवींच्या यादीत काही ओळींना रक्कम चुकीच्या कॉलममध्ये जाते. मी ठरावीक जागांवर ओळ कापून कॉलम पाडतोय. हुकूम सगळे निघालेत, तरी या ओळींत रक्कम डावीकडे सरकलेली आहे.

मेनफ्रेम_मावशी
त्या ओळींत शाखेचं किंवा योजनेचं नाव मोठ्या अक्षरात आहे का?

वारणाकाठ
हो! प्रत्येक योजनेची पहिली ओळ. कसं ओळखलंत?

मेनफ्रेम_मावशी
डॉसमन यांनी वर दुप्पट रुंदीचा उल्लेख केलाय ना. कागदावर ते नाव दुप्पट जागा घेतं, फाइलीत मात्र एका अक्षराला एकच बाइट. जुन्या प्रोग्रॅमने पुढचा मजकूर दुप्पट जागा धरून मांडलाय, तुम्ही एकेरी धरून कापताय.

डॉसमन
बरोबर ओळखलंत. डब्ल्यू १ ते डब्ल्यू ० किंवा १४ ते २० यांच्यामधल्या प्रत्येक अक्षरामागे एक रिकामी जागा घाला. १४ असेल आणि २० नसेल तर ती ओळ संपेपर्यंत. मग कापा. १५ आणि १८ ला हा नियम लावू नका, पूर्ण पान बारीक अक्षरात असेल तर कॉलम तसेच राहतात. एकाच ओळीचा अर्धा भाग बारीक असेल तर मात्र इंचांत हिशोब करावा लागेल.

वारणाकाठ
लावून बघितलं. रकमा जागेवर आल्या. उद्या २००१ च्या सीडी घेतो, त्यातल्या दोन वाचता येत नाहीयेत. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

सुमती_देव
काढा, काढा. माझ्याकडेही ओरखडलेल्या सीडींची चळत पडली आहे.